गरम पाण्यात न आटणारी ‘लोकर’

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाताळनिमित्त ‘लोकरीचा नाताळबुटका’ ही विणकामाची कृती छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली. उंच लाल टोपी, नाकाखालून थेट पोटापर्यंत आलेली पांढरी दाढी आणि करडा गोल देह असलेला हा बाहुला मराठी घरांत विणला जावा, याचा मला मनापासून आनंद झाला. टाक्यांचा हिशेब मी स्वतः विणून पडताळून पाहिला आणि तो बरोबर निघाला. मात्र साहित्याच्या यादीत ‘कोणतीही जाड लोकर चालेल’ असे छापले आहे आणि त्याच कृतीच्या शेवटी ‘विणलेले भाग गरम साबणपाण्यात घोळून घट्ट करून घ्यावेत’ अशी सूचना आहे. ही दोन वाक्ये एकत्र नांदू शकत नाहीत, कारण आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे मेंढीच्या अंगावरचे नसते, आणि जे मेंढीच्या अंगावरचे नसते ते गरम पाण्यात कितीही घोळले तरी घट्ट होत नाही. आपली कृती वाचून सुया हातात घेतलेल्या अनेक भगिनी या क्षणी सैल, लोंबत्या टोप्या घेऊन आपलेच काही चुकले असे समजत असतील, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

ही निराशा मी स्वतः पाहिली आहे. शाळेत कार्यानुभव आणि हस्तकला हे विषय अनेक वर्षे शिकवून निवृत्त झाल्यावर मी कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या काही जणींना विणकाम शिकवू लागले. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आम्ही नऊ जणींनी मिळून हाच बाहुला करायला घेतला. एका दुकानातून लाल आणि करड्या रंगाची लोकर आणली, विक्रेत्याने ती ‘शुद्ध लोकर’ असल्याचे सांगितले आणि आम्ही विश्वास ठेवला. दोन आठवडे खपून सगळ्यांचे विणून झाले. त्यानंतर एका दुपारी आमच्या अंगणात पातेलीच्या पातेली पाणी तापवून आम्ही ते भाग चोळायला बसलो. तासाभराने हात लाल झाले, पण टोप्या जशाच्या तशा होत्या. किंबहुना उष्णतेने त्यांतला ताठपणा जाऊन त्या अधिकच ढिल्या पडल्या. त्यांतली एक वयस्क भगिनी, जिचे डोळे अधू आहेत आणि जिने रोज थोडे थोडे करून ती टोपी पूर्ण केली होती, काही न बोलता ती पिळून पिशवीत ठेवून घरी गेली, आणि तो प्रसंग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. संध्याकाळी मी उरलेल्या धाग्याचे टोक पेटवून पाहिले, तेव्हा ते वितळून त्याचा काळा कडक मणी झाला. धागा सगळाच्या सगळा ॲक्रिलिकचा होता.

हा बाहुला मी शिकले स्वीडनमधल्या उप्साला शहरात. माझी मुलगी तिथे राहते आणि नातीच्या जन्मानंतरचा एक हिवाळा मी तिच्याकडे काढला. डिसेंबरात तिथे दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मग संध्याकाळ इतकी लांबते की हाताला काम नसेल तर माणूस खचून जावे. शेजारच्या आजींनी माझ्या हातातल्या सुया पाहिल्या आणि मला आपल्या स्वयंपाकघरात बोलावले. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती, तरी सुलट, उलट, टाका वाढव, दोनाचा एक कर, हे सगळे हातांनी दाखवता येते. त्या टेबलावर मी जे शिकले त्यात टाक्यांइतकाच महत्त्वाचा धडा होता धागा निवडण्याचा. त्यांनी माझ्यापुढे धाग्याचे तीन गुंडे ठेवले, त्यांतले दोन बाजूला सारले आणि तिसरा माझ्या हातात दिला. बाजूला सारलेला एक कृत्रिम धाग्याचा होता. दुसरा खऱ्या लोकरीचा, पण यंत्रात धुता यावा म्हणून प्रक्रिया केलेला. उपयोगाचा होता तो तिसराच.

त्या बाहुल्याचे नाव बुटका नव्हे, आणि तो सांताक्लॉजही नव्हे. स्वीडनमध्ये त्याला ‘तॉम्ते’ म्हणतात, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये ‘निस्से’, फिनलंडमध्ये ‘तोन्तू’. ‘तॉम्त’ म्हणजे घराची जागा, वास्तूची जमीन. त्या जमिनीचा राखणदार तो तॉम्ते. ज्याने पहिल्यांदा रान तोडून ती जमीन लागवडीला आणली त्या मूळ पुरुषाचा आत्माच तॉम्तेच्या रूपाने गोठ्यात आणि कोठारात वावरतो, अशीही समजूत होती. लहान मुलाएवढी उंची, अंगात घरी विणलेल्या जाड लोकरी कापडाचे करडे कपडे आणि डोक्यावर लाल टोपी. रात्री तो गुरांवर नजर ठेवतो, घोड्यांना चारा घालतो, पण घरात शिवीगाळ झाली किंवा जनावराला मारहाण झाली तर त्याचा कोप होतो. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी गोठ्यात लापशीचा वाडगा ठेवायचा आणि त्यावर लोण्याचा गोळा घालायचा, हा रिवाज. एका प्रसिद्ध लोककथेत घरची मुलगी लोणी वर न घालता वाडग्याच्या तळाशी लपवते. लोणी दिसत नाही म्हणून तो रागाच्या भरात गोठ्यातली गाय मारतो, नंतर लापशी संपवताना तळाशी लोणी सापडते, तेव्हा पश्चात्ताप होऊन तो शेजाऱ्याच्या गोठ्यातली तशीच एक गाय आणून बांधतो. ही श्रद्धा जुनी आहे; चौदाव्या शतकातच स्वीडनच्या संत बिर्गिट्टा यांनी लोकांना तॉम्तेची पूजा करण्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना यात फार परके काही वाटणार नाही. गावाच्या सीमेवरचा राखणदार, त्याला वर्षाकाठी द्यावा लागणारा रोट, मान चुकला तर होणारा कोप, हे सगळे आपल्याकडे आहेच. गोव्यातला देवचार तर खांद्यावर कांबळे आणि हातात दांडा घेऊन रात्री सीमेवर फिरतो, असे सांगतात. स्वीडनमधल्या राखणदाराच्या अंगात लोकरी कापड आणि आपल्या राखणदाराच्या खांद्यावर लोकरीचे कांबळे, हे साम्य मला त्या टेबलाशी बसल्याबसल्या जाणवले होते.

नाताळशी तॉम्तेचे नाते घट्ट झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्वीडिश चित्रकर्ती येनी न्यूस्ट्रम (१८५४–१९४६) यांच्या चित्रांतून आणि शुभेच्छापत्रांतून त्याचे आजचे रूप घरोघरी पोहोचले आणि तो भेटवस्तू आणणारा झाला. त्याआधी तिथे हे काम नाताळच्या बोकडाचे होते. फिनलंडमध्ये भेटी आणणाऱ्याला आजही ‘योउलुपुक्की’ म्हणजे नाताळचा बोकड हेच नाव आहे. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘नोम’ हा शब्द मात्र सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने जमिनीच्या पोटात राहणाऱ्या जीवांसाठी वापरलेला आहे, आणि बागेत ठेवायचे मातीचे बुटके जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातले आहेत. हे तिन्ही आता बाजारात एकाच नावाने विकले जातात. टोपी थेट नाकापर्यंत ओढलेली आणि डोळे मुळीच न दिसणारे आजचे रूप तर अगदी अलीकडच्या सजावटीतले आहे. तेही गोड दिसते आणि मीही तसेच विणते, पण बाहुल्याला नाव देताना मुलांना ‘तॉम्ते’ हेच सांगावे असे मला वाटते. त्या लाल टोपीचे मोल काय होते हे कळण्यासाठी एवढे पुरे की जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या नॉर्वेत लोक ती निषेधाची खूण म्हणून घालू लागले आणि १९४२ साली तिच्यावर बंदी आणावी लागली.

आता मूळ मुद्दा. खरी लोकर गरम पाण्यात घट्ट का होते? मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू सूक्ष्म खवल्यांनी मढलेला असतो. कौलारू छपरावर कौले एकावर एक चढवलेली असतात, तसे हे खवले एकाच दिशेने, मुळाकडून टोकाकडे, रचलेले असतात. गरम पाणी आणि साबणाचा क्षार यांनी तंतू फुगतो आणि खवल्यांच्या कडा किंचित उघडतात. अशा वेळी चोळले की तंतू हलतात, पण खवल्यांच्या रचनेमुळे त्यांना एकाच दिशेने सरकता येते, मागे येता येत नाही. शेजारच्या तंतूंत ते अडकत जातात, गुंतत जातात आणि कापड आक्रसते. एकदा घडलेला हा बदल परत फिरवता येत नाही. नवा स्वेटर चुकून कढत पाण्यात पडला आणि धाकट्या भावाला येईनासा झाला, हा अनुभव पूर्वी घरोघरी असे. तॉम्तेच्या टोपीत तीच चूक जाणूनबुजून आणि बेताने करायची असते. आपल्या आया लोकरीचे कपडे कोमट पाण्यात आणि रिठ्याने धुवायला सांगत, त्यामागे हेच कारण होते, कारण रिठ्याच्या पाण्यात साबणासारखा क्षार नसतो.

या क्रियेला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न मला शिकवताना नेहमी पडतो. सुटी पिंजलेली लोकर साबणपाण्याने थापून जो पट होतो त्याला ‘नमदा’ हा शब्द आपल्याकडे आहे, आणि काश्मीर, कच्छ व राजस्थानातले टोंक इथे ही कला आजही जिवंत आहे. मात्र इथे आधी विणायचे आणि मग घट्ट करायचे, असे दुहेरी काम आहे. मी त्याला ‘आटवणे’ म्हणते. दूध आटवले की मापाने कमी होते आणि अंगाने दाट होते; विणलेल्या लोकरीचेही नेमके तेच होते. स्वीडनच्या उत्तरेकडच्या लोविक्का नावाच्या खेड्यात एरिका ऐत्तामा या बाईने १८९२ च्या सुमारास असेच विणून आटवलेले आणि आतून लव उठवलेले जाड हातमोजे केले. गावाच्या नावाने ओळखले जाणारे ते हातमोजे आजही विणले जातात.

मी वापरते ती कृती इथे देते. धागा शंभर टक्के लोकरीचा, मध्यम जाड, ‘यंत्रात धुता येईल’ असे वेष्टनावर न लिहिलेला. करडा आणि लाल प्रत्येकी ५० ग्रॅम भरपूर होतो आणि उरलेल्यात नमुना होतो. सुया त्या धाग्याला लागतात त्याहून बऱ्याच जाड, म्हणजे ६ मिलिमीटरच्या, दोन्ही टोकांनी विणता येणाऱ्या पाच सुयांचा संच. वीण मुद्दाम सैल ठेवायची. १० सेंटिमीटरला साधारण १४ टाके आले की ठीक. घट्ट विणले तर तंतूंना हलायला जागा राहत नाही आणि कापड आटण्याऐवजी ताठ होते. नव्या विणणारीला हे पटणे कठीण जाते, कारण सुबक आणि घट्ट वीण हीच आजवर तिची शाबासकी असते.

देह तळापासून सुरू करायचा. ८ टाके घालून गोल जोडावेत, पुढच्या फेऱ्यात प्रत्येक टाक्याचे दोन करून १६ करावेत, आणि मग एक फेरा साधा, एक फेरा ८ टाके वाढवण्याचा, असे करत २४, ३२ आणि ४० पर्यंत जावे. कडेला धार यावी म्हणून एक फेरा उलट विणावा आणि त्यावर २६ फेरे सुलट चढवावेत. खांद्याशी ३ टाके विणून दोनाचा एक करत ३२, एक साधा फेरा, २ टाके विणून दोनाचा एक करत २४, पुन्हा एक साधा फेरा, आणि १ टाका विणून दोनाचा एक करत १६. इथे टाके सैलसर बंद करावेत. टोपीसाठी लाल धाग्याने ४४ टाके घालावेत. दोन फेरे उलट, आठ फेरे सुलट, आणि त्यानंतर दर चौथ्या फेऱ्यात समान अंतरावर चार ठिकाणी दोनाचा एक करत जावे. दहा वेळा असे केले की शेवटी चारच टाके उरतात. त्यांतून धागा ओवून आत घ्यावा. आटण्याआधी ही टोपी सुमारे २६ सेंटिमीटर लांब आणि अगदी बेढब दिसते, त्याने नाउमेद होऊ नये.

आटवण्याआधी त्याच धाग्याचा तळहाताएवढा चौकोन विणून आटवून पाहावा. हा टप्पा कधीही गाळू नये, कारण एकाच गिरणीच्या दोन रंगांचे धागेही वेगवेगळ्या प्रमाणात आटू शकतात, आणि विरंजन केलेला शुभ्र धागा तर बऱ्याचदा नीट आटतच नाही. कापड उंचीत जास्त आणि रुंदीत कमी आटते. माझ्या हातून उंची सुमारे एकतृतीयांश आणि रुंदी पाव ते पंचमांश कमी होते. घरी पाणी तापवणारे धुलाईयंत्र असेल तर दोन्ही भाग उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याचे तोंड शिवून, एखाद्या जुन्या जाड कापडाच्या पँटसह ६० अंशांवर धुवावेत. जाड कापडाशी होणारे घर्षणच कामाला येते. पाणी न तापवणाऱ्या यंत्रात हे होत नाही, म्हणून मी बहुतेक वेळा हातानेच करते. हाताला जेमतेम सोसेल इतके गरम पाणी, त्यात किसलेला साधा कपड्यांचा साबण, आणि शेजारी गार पाण्याचे घमेले. आधी पाच-सात मिनिटे हळुवार दाबत राहावे, वरची लोकर धरू लागली की मग धुण्याच्या दगडावर किंवा खरबरीत पाटावर चोळावे, अधूनमधून गार पाण्यात बुचकळून पुन्हा गरम पाण्यात घ्यावे. दर पाच मिनिटांनी उलगडून पाहावे, नाही तर टोपीची आतली बाजू एकमेकीला चिकटून बसते. टाके वेगळे दिसेनासे झाले आणि कापड हातात जाडजूड, मऊ पण ठाम लागू लागले की थांबावे. मग साबण पूर्ण काढून, न पिळता पंच्यात दाबून, टोपी पुठ्ठ्याच्या सुळक्यावर आणि देह प्लास्टिकच्या पिशव्या कोंबून आकारात सावलीत वाळवावा. आपल्या हवेत दोन दिवस लागतात, दमट दिवसांत तीनही.

भरणाबद्दल एक अनुभव. उप्सालात तळाशी वजनासाठी तांदूळ किंवा वाळलेले वाटाणे भरतात. तिथल्या कोरड्या, गरम केलेल्या घरांत ते चालते. आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात धान्याला कीड लागते आणि ती लोकरीतही शिरते. म्हणून मी स्वच्छ धुतलेल्या, वाळवलेल्या जाड वाळूची मांजरपाटाची लहान पिशवी शिवून तळाशी बसवते आणि वर उरलेली लोकरच भरते. नाक शेंगदाण्याएवढे, पिंजलेल्या लोकरीची गोळी साबणपाण्यात तळव्यांमध्ये वळून करावे, किंवा काटेरी सुईने टोचून. या सुईच्या टोकाशी अगदी बारीक खाचा असतात आणि प्रत्येक टोचणीबरोबर त्या तंतूंना आत ओढतात. म्हणजे पाण्याशिवाय आटवण्याचाच हा प्रकार. सुई सरळ खुपसावी आणि सरळ काढावी, वाकवली तर मोडते. खाली जाड स्पंज ठेवावा, आणि लहान मुलांच्या हाती ती मुळीच देऊ नये. दाढीसाठी स्वीडनमध्ये गोटलंड जातीच्या मेंढ्यांच्या करड्या, चमकदार, कुरळ्या बटा वापरतात. दाढी देहावर नीट पक्की करून, तिच्यावर नाक ठेवून, त्यावर टोपी चढवून आतून टाके घालावेत. पूर्ण झालेला बाहुला बरोबर वीतभर होतो.

यातले काहीही ॲक्रिलिकने होणार नाही. ॲक्रिलिकचा तंतू खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून ओढलेला, खवले नसलेला असतो. त्याला गुंतण्यासाठी काहीच नाही. तो वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. बाळाची रोज धुवावी लागणारी टोपडी, शाळेचे स्वेटर यांसाठी तो स्वस्त आणि सोयीचा आहे, आणि मीही वापरते. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याला ‘लोकर’ म्हणू नये. आपल्या भाषेत विणायच्या प्रत्येक धाग्याला लोकर म्हणण्याची सवय इतकी मुरली आहे की विक्रेता खोटे बोलतो असेही दर वेळी म्हणता येत नाही. त्याच्या लेखी तीच लोकर असते. पण मग खरी लोकर मागायला शब्दच उरत नाही, आणि ‘शुद्ध लोकर’ म्हटले तरी समोर ॲक्रिलिकचाच गुंडा येतो. ‘लोकरीसारखा धागा’ किंवा नुसता ‘विणायचा धागा’ म्हणायला हरकत कसली?

ओळखण्याचा घरगुती उपाय सोपा आहे. धाग्याचे बोटभर टोक चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर, ज्योतीला लावावे. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक भडकून पेटते, वितळते, आणि थंड झाल्यावर त्याचा न फुटणारा मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसतात. मात्र यंत्रात धुण्याजोगी प्रक्रिया केलेली लोकर या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि तरीही आटत नाही, कारण क्लोरीनच्या प्रक्रियेने तिचे खवले बोथट करून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो. म्हणून वेष्टन वाचणे आणि नमुना आटवून पाहणे याला पर्याय नाही.

गेल्या वर्षी मी आणखी एक प्रयोग केला. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत घोंगड्या विकायला आलेल्या एका सणगर कुटुंबाकडून हातकताईचा काळा धागा मिळवला आणि त्याने तॉम्तेचा देह विणला. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते आणि तिच्यात केसाळ, न गुंतणारे तंतू पुष्कळ असतात, त्यामुळे ती आटायला दुप्पट वेळ लागला, आटली तीही थोडीच, आणि पृष्ठभाग केसाळ राहिला. टोपीसाठी तो धागा उपयोगाचा नाही, हे मला मान्य करावे लागेल. पण देहासाठी तो फार उत्तम आहे. तॉम्तेचे मूळ कपडे घरच्या मेंढीच्या, न रंगवलेल्या, जाड्याभरड्या लोकरीचेच तर होते. पावसात घोंगडीची खोळ घेऊन बांधावर उभा असलेला मेंढपाळ ज्याने पाहिला आहे, त्याला या काळ्या देहाच्या बाहुल्यात अनोळखी असे काही दिसणार नाही. हीच लोकर आज कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून मेंढपाळ रानात टाकून देतात, असे त्या कुटुंबाने सांगितले. एकीकडे मेंढीची लोकर उकिरड्यावर आणि दुसरीकडे रासायनिक धागा ‘लोकर’ या नावाने दुकानाच्या दर्शनी फळीवर, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आपल्याला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. प्रसिद्ध झालेल्या कृतीसोबत ‘बाहुला आटवायचा असल्यास शंभर टक्के, प्रक्रिया न केलेली मेंढीची लोकरच घ्यावी’ एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी ठळकपणे छापावी; नाताळला अजून तीन आठवडे आहेत आणि ज्यांनी अद्याप धागा घेतलेला नाही त्यांचे श्रम वाचतील. आणि यापुढे पुरवणीत विणकामाची कोणतीही कृती देताना रंग आणि वजनाबरोबर धागा कशाचा आहे हेही लिहिण्याचा नियम करावा. ज्यांच्या टोप्या ॲक्रिलिकच्या विणून झाल्या आहेत त्यांनी त्या उसवू नयेत. आतून जाड कापडाचे अस्तर लावले, टोकापर्यंत कापूस भरला आणि कडेला एक मऊ तार शिवली तर टोपी उभी राहते. दिसायला आटवलेल्यासारखी नसली तरी बाहुला पूर्ण होतो. आमच्या त्या वयस्क भगिनीची टोपी मी तशीच करून दिली, आणि तो तॉम्ते सध्या त्यांच्या देवघराच्या कोनाड्याशेजारी उभा आहे.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त हस्तकला शिक्षिका,
कोल्हापूर